टॉवेलच्या कारखान्यावर वीजही तयार करायची असेल तर

2003 च्या वीज कायद्याने औष्णिक आणि सौर वीजनिर्मितीची परवान्याची अट काढली आणि नंतर सौर पॅनलही स्वस्त झाले. त्यामुळे सोलापूरजवळच्या फताटेवाडीत एनटीपीसी ही सरकारी वीज कंपनी 1320 मेगावॅटवर जी वीजनिर्मिती करते, तीच अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल कारखानदार आपल्या पत्र्यावर 50 किलोवॅटवर करू शकतो. मात्र हा दुसरा धंदा आहे आणि तो दुसरा धंदा म्हणूनच शिकावा लागतो.

आधी बिल काढा. बारा महिन्यांची बिलं समोर ठेवून मंजूर भार (महावितरणने तुम्हाला मंजूर केलेली कमाल किलोवॅट), महिन्याचे युनिट आणि दिवसा-रात्री माग किती चालतात ते लिहून घ्या. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जादा सौर वीज महावितरणला देऊन ती बिलातून वजा करून घेण्याच्या सोयीत, मंजूर भारापेक्षा मोठा प्लांट बसत नाही. सोलापुरात 1 किलोवॅटमागे वर्षाची सरासरी रोज 4 युनिट धरा. म्हणजे 50 किलोवॅटला महिन्याला सुमारे 6,000. पावसाळ्यात हा आकडा खाली येतो. एप्रिल-मेमध्येही वाटतं तेवढी वीज मिळत नाही, कारण पॅनल 65 अंशांपर्यंत तापला की त्याची ताकद 14 टक्क्यांच्या आसपास घटते. वापरापेक्षा जास्त क्षमता लावू नका. आर्थिक वर्षाअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटला तुमच्या वीजदरापेक्षा बराच कमी भाव मिळतो.

मग छप्पर. 550 वॉटचे 91 पॅनल म्हणजे जवळपास 235 चौरस मीटर काच. शिवाय पुसायला जाण्यापुरती वाट हवी. एका पॅनलचं वजन 28 किलोच्या आसपास असतं. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर कुणालाही थेट चढू देऊ नका, तो पायाखाली फुटतो. वजन पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर, यायला हवं आणि पर्लिन गंजलेल्या असतील तर आधी त्या बदला. आरीच्या दातांसारखं नॉर्थ-लाइट छप्पर असेल तर काम सोपं: काच उत्तरेला असल्याने पत्र्याचा उतार आपोआप दक्षिणेला येतो. फक्त पन्हाळीजवळचा खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा मोकळा सोडा. हिवाळ्यात पुढच्या दाताची सावली तिथे पडते आणि एका पॅनलवरची सावली अख्ख्या स्ट्रिंगची (एकापुढे एक जोडलेल्या पॅनलच्या माळेची) वीज ओढून खाली आणते.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते पॉवर फॅक्टरमध्ये, म्हणजे ओढलेल्या एकूण विजेपैकी खऱ्या कामाला आलेल्या विजेच्या प्रमाणात. समजा दुपारी मागांचा भार 55 किलोवॅट, पॉवर फॅक्टर 0.95. मोटारींना चुंबकत्वासाठी लागणारी, प्रत्यक्ष काम न करणारी वीज केव्हीएआरमध्ये मोजतात; ते 18 केव्हीएआर आहेत तेवढेच राहतात. सोलरने 40 किलोवॅट दिले की महावितरणकडून येतात 15 किलोवॅट आणि तेच 18 केव्हीएआर. मीटरला दिसणारा पॉवर फॅक्टर 0.64! केव्हीएएचवर, म्हणजे या दोन्ही मिळून होणाऱ्या एकूण विजेवर, बिल असेल तर तासाला 15 ऐवजी 23 मोजले जातात. मोटारी बिघडलेल्या नसतात, हे केव्हीएआर जागेवरच पुरवणाऱ्या कॅपॅसिटर पॅनलची सीटी (प्रवाह मोजणारी कडी) चुकीच्या जागी असते. ती सोलरच्या जोडणीच्या अलीकडे, मीटरच्या बाजूला बसवा आणि 18-20 केव्हीएआर भरून निघतील एवढ्या कॅपॅसिटरच्या लहान-लहान पायऱ्या ठेवा. ही अट ठेकेदाराच्या कोटेशनमध्येच लिहून घ्या.

एएलएमएम या केंद्र सरकारच्या मंजूर यादीतले पॅनल घ्या. डीसी बाजू, एसी बाजू आणि वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा) यांचं अर्थिंग वेगवेगळं करून घ्या. छतावरच्या सोलरसाठीच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान फक्त घरांना आहे. कारखान्याला कुणी ते मिळवून देतो म्हणाला तर त्याचं ऐकू नका. तुमच्या हक्काचा फायदा आयकरात आहे: वर्षाला 40 टक्के घसारा. सीएशी प्लांट सुरू होण्याच्या तारखेबद्दल आधी बोला. प्लांट घेतला त्या वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो.

लाइट गेली की हा प्लांटही बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज एसी करणारं यंत्र, घरातला बॅटरीवाला नव्हे) मुद्दाम तसा बनवलेला असतो. भारनियमनावर उपाय म्हणून हा खर्च करू नका.

ज्यांचा भार 100 किलोवॅट किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना 2022 च्या हरित ओपन ॲक्सेस (महावितरणच्या तारांवरून दुसऱ्याची वीज आणण्याच्या) नियमांमुळे दुसरीकडच्या सौरप्रकल्पाची वीजही घेता येते. तो कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःच्या वापराचा, प्रकल्प म्हणवायचा तर प्रकल्पात 26 टक्के मालकी आणि त्याच्या विजेचा 51 टक्के वापर, दोन्ही लागतात. वहन आकार (तारांचं भाडं) आणि अधिभार धरूनच दराची तुलना करा.

टॉवेलच्या शेडभोवती सुताची धूळ उडते आणि दव पडलं की ती काचेला चिकटते. दर पंधरा दिवसांनी मऊ वायपरने धुवा, तेही सकाळी आठच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचा हात गोड्या पाण्याचा.