वॉर्डातल्या न्यूमोनियाच्या अँटिबायोटिक्सची पाहणी: एका दिवसात, केसपेपर हातात घेऊन

फार्मसीच्या यादीवरून सेफ्ट्रिअॅक्सोन या अँटिबायोटिकच्या किती वायल (इंजेक्शनच्या बाटल्या) गेल्या ते कळतं. त्या न्यूमोनियाला गेल्या की साध्या ब्राँकायटिसला, हे फक्त केसपेपर सांगतो. म्हणून पाहणी वॉर्डातच करायची.

एक वॉर्ड एकाच दिवशी संपवा. सकाळी 8 च्या आधी दाखल झालेले आणि अजून वॉर्डात असलेले रुग्णच धरा. अर्धं काम उद्यावर टाकलं, तर रात्रीत दुसरीकडे हलवलेला रुग्ण दोनदा मोजला जातो किंवा सुटतो.

प्रत्येक रुग्णाचं वय, दाखल झाल्याची तारीख, औषधाचं जेनेरिक नाव, डोस, दिवसातून किती वेळा, शिरेतून की तोंडी, आणि पहिला डोस कधी पडला ते लिहा. डॉक्टरांनी लिहिलेला डोस आणि सिस्टरनी सही केलेला डोस यांचे रकाने वेगळे ठेवा. रात्रीचा डोस चुकलेला असतो तो इथेच सापडतो. कारणाच्या रकान्यात केसपेपरवर असेल तेवढंच उतरवा. नुसतं ‘एलआरटीआय’ (खालच्या श्वसनमार्गाचा संसर्ग) लिहिलं असेल, तर आपण एक्स-रे बघून त्याला न्यूमोनिया करायचं नाही. कारण न लिहिणं हीच तर मोजायची गोष्ट आहे.

दाखल होऊन 48 तास उलटल्यावर लागलेला न्यूमोनिया वेगळा काढा, त्याचे जंतू आणि औषधं निराळी असतात. बाहेरून न्यूमोनिया घेऊन आलेल्यांची तीव्रता कर्ब-65 या गुण देण्याच्या पद्धतीने मोजा: गोंधळलेपण, युरिया, श्वास मिनिटाला 30 किंवा जास्त, रक्तदाब वरचा 90 च्या खाली किंवा खालचा 60 वा कमी, वय 65 किंवा जास्त, प्रत्येकी एक गुण. इथे एक चूक हमखास होते. युरियाची मर्यादा लिटरला 7 मिलिमोल आहे, म्हणजे लॅब बीयूएन (युरियातला फक्त नायट्रोजन) देत असेल तर डेसिलिटरला साधारण 20 मिलिग्रॅम, पण ब्लड युरिया (पूर्ण युरिया) देत असेल तर 42. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब ब्लड युरिया देतात. त्याला 20 ची मर्यादा लावली, की निरोगी मूत्रपिंडाच्या माणसालाही एक गुण मिळतो आणि भारी औषध योग्य वाटायला लागतं.

मग जागतिक आरोग्य संघटनेच्या अवेअर यादीप्रमाणे गट पाडा: अॅक्सेस म्हणजे आधी वापरायची, वॉच म्हणजे जपून वापरायची, रिझर्व्ह म्हणजे शेवटचा उपाय म्हणून राखलेली औषधं. अॅमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन अॅक्सेसमध्ये. सेफ्ट्रिअॅक्सोन, अॅझिथ्रोमायसिन, मेरोपेनेम वॉचमध्ये. कोलिस्टिन, लिनेझोलिड रिझर्व्हमध्ये. अॅमॉक्सिक्लॅव्हसोबत मेट्रोनिडॅझोल चालू दिसलं तर खूण करा, हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंवर पहिलं एकटंच पुरतं. लेव्होफ्लॉक्सासिन दिसलं तर थुंकी क्षयासाठी पाठवली होती का, ते पाहाच. या औषधाने क्षयाच्या रुग्णालाही चार दिवस बरं वाटतं आणि निदान लांबतं.

सगळ्यात जास्त वेळ 48 ते 72 तासांच्या नोंदीवर घालवा. ताप उतरलाय, नाडी 100 च्या आत, रुग्ण पोळी-भाजी खातोय आणि केसपेपरवर रोज फक्त ‘सीएसटी’, म्हणजे तेच उपचार चालू ठेवा. कोणी थांबून विचारच केलेला नाही. अशा रुग्णाला बहुतेक वेळा गोळी चालते, आणि गुंतागुंत नसेल तर बाहेरून आलेल्या न्यूमोनियाला 5 दिवस पुरतात. कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) पहिल्या डोसच्या आधी घेतलं का, रिपोर्ट आल्यावर औषध बदललं का, हेही इथेच तपासा.

निकाल मांडताना रुग्ण थोडे असतील तर टक्के काढू नका. ‘12 पैकी 7’ असं लिहा. डॉक्टरांची नावं गाळा आणि कागद त्याच आठवड्यात युनिटच्या हाती द्या, म्हणजे ते रुग्ण त्यांच्या लक्षात असतात.