विषय अरुंद केला आणि क्लिक यायला लागले

अफिलिएट साइटवर (दुसऱ्याच्या वस्तूची लिंक देऊन विक्रीवर कमिशन मिळवणारी साइट) लेख भरपूर, क्लिक मात्र नावाला. 'हेडफोन' या शब्दावर मोठ्या साइट्स ठाण मांडून बसलेल्या. तिथे नव्याचा निभाव कसा लागणार? मग विषय अरुंद केला: चष्मा लावणाऱ्यांसाठी हेडफोन. चष्म्याची दांडी आणि हेडफोनची गादी यांच्यात कान चेपून ज्याचा दुखतो, तो नेमकं हेच शोधतो. गूगलमध्ये अर्धं वाक्य टाइप करून खाली येणाऱ्या सूचना टिपल्या. कीवर्ड प्लॅनर या गूगलच्या जाहिरातींसाठीच्या शब्दशोध साधनातली 'कॉम्पिटिशन' जाहिरातदारांची असते, सर्च निकालांची नव्हे (इथे भलेभले फसतात), म्हणून पहिल्या पानावरचे निकाल स्वतः उघडून वाचले. 'कोणता घ्यावा' छापाच्या शोधशब्दांवरचे लेख आधी लिहायला घेतले. 'म्हणजे काय'वाला वाचक सहसा खरेदीला आलेलाच नसतो.