अमेरिकेतल्या जुन्या लोखंड-व्यापाऱ्याचं पत्र कसं वाचायचं

उद्यमनगरातल्या फाउंड्रीवाल्यांना पिग आयर्न, म्हणजे भट्टीतून निघालेलं कच्चं लोखंड, काही नवीन नाही, तर तेच पिग आयर्न 1840 च्या आसपास स्कॉटलंडहून जहाजानं न्यूयॉर्कला उतरायचं आणि त्याच्या भावावरून तिथल्या व्यापाऱ्यांची लई पत्रापत्री चालायची. अशा पत्रांचे स्कॅन नेटवर फुकट बघायला मिळतात, पण ते गिचमिड अक्षर बघूनच लोक टॅब बंद करतात.

म्हणून अक्षरापासून सुरुवात करूच नका. आधी पत्त्याची बाजू बघा. 1845 च्या आधी टपालखर्च अंतरावर आणि कागद किती यावर लागायचा, पाकीट घातलं तर तोही एक कागद धरला जायचा, मग कोण घालतंय पाकीट, पत्राचाच कागद दुमडून लाखेनं बंद. कोपऱ्यात 18¾ दिसलं तर ते सेंट. स्पॅनिश रियाल तिथं सर्रास चालायचा, तो 12½ सेंटचा, त्याची ही दीडपट. म्हणजे पत्र 1825 ते 1845 मधलं, एका कागदाचं, 150 ते 400 मैलांवरून आलेलं. एक आकडा आणि एवढी माहिती, नाद खुळा! 1 जुलै 1845 पासून मात्र वजनावर, अर्ध्या औंसाला 300 मैलांपर्यंत 5 सेंट, पुढं 10.

मग घडीवरची आडवी नोंद शोधा. पत्र ज्याला आलं त्याचा कारकून ते फाईल करताना पाठवणाऱ्याचं नाव, तारीख आणि बऱ्याचदा उत्तर कधी दिलं तेही तिथं लिहायचा. आतली सही लागत नसली तरी इथं नाव लागतं.

आता आत. 5 मार्चच्या पत्रात '28 अल्ट' असेल तर ती 28 फेब्रुवारी, 'इन्स्ट' असेल तर चालू महिना. 'ब्रास' हा शब्द 'ब्राफ्स' दिसला तर घाबरू नका, दोन एसमधला पहिला एफसारखा लांब काढायची पद्धत होती.

खरी मजा वजनात आहे. लोखंडापुढं 3-2-1-14 असं काही असेल तर टन, हंड्रेडवेट, क्वार्टर, पौंड असं वाचा. टन 2240 पौंडांचा, हंड्रेडवेट 112 चा, क्वार्टर 28 चा, म्हणजे एकूण 6986 पौंड, साधारण 3169 किलो. खिळे मात्र केगवर, म्हणजे छोट्या लाकडी पिंपावर, एक केग 100 पौंडांचा, आणि '10 डी' म्हणजे 3 इंची खिळा.

शेवटी पैसे. '60 दिवसांचा ड्राफ्ट' म्हणजे आपली मुदती हुंडीच की, दाखवल्याबरोबर पैसे द्यायचे असतील तर दर्शनी. पत्र 1837 च्या उन्हाळ्यातलं असेल आणि मालाचं सोडून नुसतं वसुलीचं रडगाणं दिसलं तर त्याचं कारण 10 मे, त्या दिवशी न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटेच्या बदल्यात सोन्याचांदीचं नाणं देणं बंद केलं होतं.