तापणाऱ्या जुन्या गाडीला हात लावण्याआधीची तयारी

जुनी गाडी तापायला लागली की बरेच जण आधी नव्या रेडिएटरची चौकशी करतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, एकही पार्ट विकत घेण्याआधी गाडी नेमकी कधी तापते ते वहीत लिहून काढा. गर्दीत, गाडी उभी असताना काटा चढतो आणि वेग घेतला की उतरतो, तर हवा कमी पडते आहे. पंखा, त्याचा बेल्ट आणि पंख्याभोवतीचं कवच बघा. उलट मोकळ्या रस्त्यावर वेगात तापत असेल तर बहुधा पाणी नीट फिरत नाही, म्हणजे रेडिएटरच्या नळ्या तुंबल्यात, पंप कमजोर झालाय किंवा खालचा होज पाइप आत ओढला जाऊन चपटा होतोय. या एका नोंदीने निम्मं काम होतं.

कामाला सकाळ निवडा, रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनावर. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. ७ पीएसआय (दाबाचं एकक) दाब धरणाऱ्या झाकणाखाली साधं पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही; झाकण फिरवलं की दाब जातो आणि तेच पाणी वाफ होऊन अंगावर येतं. झाकणाचं रबर आणि स्प्रिंगही याच वेळी तपासा, कारण दाब धरला नाही तर धडधाकट गाडीही उकळते.

हाताशी इन्फ्रारेड थर्मामीटर असू द्या. जुन्या मीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये; कित्येकदा इंजिन ठीक असतं आणि काटाच खोटं बोलतो. मोजताना एक काळजी घ्या. चकचकीत ॲल्युमिनियम किंवा पितळेवर हे यंत्र प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवतं, म्हणून थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेच्या) घरावर काळ्या, चमक नसलेल्या टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा. मग रेडिएटरच्या जाळीवरून हळूहळू फिरवा. मध्येच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

थर्मोस्टॅटसाठी एक पातेलं, साधा थर्मामीटर आणि दोरा लागेल. थर्मोस्टॅट तळाला टेकणार नाही असा पाण्यात लोंबता ठेवा आणि पाणी तापवा. त्यावर ८२ छापलं असेल तर त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. काढूनच टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो, तो मानू नका. काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की बायपासची वाट उघडीच राहते आणि बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत जातं.

टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगी कधी पडते ते दाखवणारा दिवा, कुणाकडून तरी मागून आणा. ही गोष्ट हमखास राहून जाते, म्हणून मुद्दाम सांगतो. टायमिंग मागे पडलं किंवा डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाचा) पडदा फाटला तर जळण उशिरा होतं आणि जास्तीची उष्णता पाण्यात जाते. पेट्रोल कमी पडणारा कार्ब्युरेटरही इंजिन तापवतो.

हेड गॅस्केटची (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलची) शंका असेल तर झाकण काढून थंड इंजिन सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, ऑइल कॅपखाली पांढरट साय दिसली किंवा पाणी गळती न दिसता कमी होत राहिलं, तर आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या.

धुण्यासाठी बागेचा पाइप आणि गाळ धरायला बादली ठेवा. रेडिएटर उलट दिशेने धुवा, पण ब्लॉकचा ड्रेन नळही उघडा. अनेकदा नळ उघडूनही काहीच येत नाही. तिथे तार घालून गंज मोकळा करावा लागतो, आणि शेवटच्या सिलिंडरभोवती तर चिखलाचा थरच सापडतो.

भरायला डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं घ्या. हीटरचा नळ उघडा ठेवून हळू ओता, म्हणजे हवा अडकणार नाही. एक फेरी मारा, आणि दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना पातळी पुन्हा बघा.