उभ्या घोड्यात प्लीहा व मूत्रपिंडामधील पोकळी दुर्बिणीने शिवून बंद करणे

घोड्याच्या मोठ्या आतड्याचा डावा भाग पोटाच्या भिंतीला कोठेच घट्ट बांधलेला नसतो. त्यामुळे तो वायूने फुगला की प्लीहा आणि पोटाची भिंत यांच्यामधून वर सरकतो आणि प्लीहेला डाव्या मूत्रपिंडाशी जोडणाऱ्या अस्थिबंधावर दोरीवर घातलेल्या धोतरासारखा लोंबकळतो. फेनिलएफ्रिन देऊन प्लीहा आकसवणे आणि घोड्याला फिरवणे, भूल देऊन लोळवणे किंवा पोट उघडणे या उपायांनी आतडे जागेवर येते. परंतु ते पुन्हा तेथेच अडकू लागले, तर प्लीहा व मूत्रपिंड यांमधील ती पोकळीच बंद करणे श्रेयस्कर ठरते. पोटशूळ चालू असताना ही शस्त्रक्रिया करू नये. घोडा पूर्ण सावरल्यावर, ठरवून करावी. या टाक्यांनी केवळ हीच वाट बंद होते, आतडे उजवीकडे सरकण्याचा अथवा पिळवटण्याचा धोका कायम राहतो, हे मालकास आधीच स्पष्ट सांगावे.

निम्मे यश उपाशी ठेवण्यात आहे. आधीचे किमान 24 तास चारा पूर्ण बंद ठेवावा, पाणी मात्र द्यावे. भरलेले आतडे कॅमेऱ्यासमोर आले, तर कितीही कुशल हात शिवण घालू शकत नाही. घोड्याला ट्रेव्हिसमध्ये (जनावर उभे धरून ठेवणाऱ्या चौकटीत) उभे करून, शेपटी बांधून, गुदमार्गाने तपासणी करून आतडे जागेवर असल्याची खात्री करावी. प्रतिजैविक, फ्लुनिक्सिन (वेदना व दाह कमी करणारे औषध) व धनुर्वाताची लस यांची व्यवस्था आधीच झालेली असावी. शामक म्हणून डेटोमिडीन व ब्युटॉर्फेनॉल यांची जोडी सोयीची आहे. एसप्रोमॅझिन हे शामक टाळावे, कारण त्याने प्लीहा रक्ताने फुगते आणि शिवायची जागाच झाकून टाकते.

डाव्या भकाळीचे (शेवटच्या बरगडीमागील कुशीचे) केस काढून, त्वचा निर्जंतुक करून, प्रत्येक छिद्राच्या जागी 2 टक्के मेपिव्हॅकेन हे स्थानिक भुलीचे औषध स्नायूंच्या सर्व थरांत पसरवावे. पहिला ट्रोकार (नळीतून घालायचा टोकदार सुळा) शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मध्यावर, विरुद्ध बाजूच्या खुब्याच्या दिशेने घालावा. सरळ आत ढकलल्यास प्लीहेला भोसकण्याचा धोका असतो. कॅन्युलाची (त्याच्या बाहेरील नळीची) झडप उघडताच हवा आत खेचल्याचा आवाज आला, तर आपण पोटाच्या पोकळीत आहोत. आवाज न आल्यास कॅन्युलाचे टोक बहुधा पेरिटोनियमबाहेरच्या (पोटाच्या आतील पातळ पडद्याबाहेरच्या) चरबीत अडकलेले असते. तेथे वायू सोडल्यास पडदा फुग्यासारखा आत ढकलला जातो आणि पुढचे सर्व काम अवघड होते. कार्बन डायऑक्साइडचा दाब 10 ते 15 मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान ठेवावा. जास्त दाबाने घोडा अस्वस्थ होतो, आणि उभ्या रुग्णात अस्वस्थता म्हणजे हलणारे शस्त्रक्रियाक्षेत्र. उरलेली छिद्रे कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली करावीत. त्यांतले एक 17व्या व 18व्या बरगड्यांच्या मध्ये घेऊन कॅमेरा तेथे हलवल्यास भकाळीतील दोन छिद्रे दोन्ही हातांच्या अवजारांना मोकळी मिळतात.

शिवण्यापूर्वी अस्थिबंध आणि प्लीहेची कड यांवर स्थानिक भूल शिंपडावी. हे विसरल्यास पहिल्या टाक्यालाच घोडा पाठ आकसून दाखवतो. वक्र सुई कॅन्युलातून नेताना सुई धरू नये. सुईच्या थोडे मागे दोरा धरावा, म्हणजे सुई मोकळी फिरत आत जाते. शिवण पुढून मागे, सलग घालावी. प्लीहेकडील टाका तिच्या वरच्या आतील कडेच्या आवरणातच राहावा, खालच्या मऊ ऊतीत शिरू नये, कारण तेथून होणारा रक्तस्राव थोडा असला तरी दृश्य गढूळ करतो. दुसऱ्या बाजूला अस्थिबंध आणि मूत्रपिंडावरील तंतुमय थर यांतून टाका घ्यावा, मूत्रपिंडातून कधीही नाही. दोन टाक्यांत बोटाच्या रुंदीइतके अंतर पुरते. प्रत्येक टाक्यानंतर दोरा हलक्या हाताने, सुईच्या दिशेनेच ओढावा: फार घट्ट ओढल्यास आवरण फाटते, सैल राहिल्यास आतड्याला फट मिळते. गाठींपेक्षा हा ताण सांभाळणेच नवशिक्यास जड जाते, म्हणून आधी पेटीतल्या प्रशिक्षण साच्यावर भरपूर सराव करावा. काटेरी दोऱ्याने हे काम बरेच सुकर होते, कारण सुरुवातीस सुई दोऱ्याच्या टोकाच्या फासातून ओवली आणि शेवटी दोन-तीन टाके उलट दिशेने घेतले की गाठ मारावीच लागत नाही. साधा शोषला जाणारा दोरा असल्यास गाठ पोटाबाहेर बांधून ढकलणीने (गाठ पुढे सरकवण्याच्या लांब अवजाराने) आत सरकवावी.

सुई निसटली तर कॅमेरा जागेवरून हलवू नये. ती नजरेआड झाली, तर आतड्याच्या घड्यांत शोधणे फार कठीण. शेवटी सुया मोजाव्यात, झडपा उघडून वायू बाहेर जाऊ द्यावा, मोठ्या छिद्रांत स्नायूवरील आवरण आणि नंतर त्वचा शिवावी.

शामकाचा अंमल उतरल्यावर थोडे थोडे गवत सुरू करावे. पहिले 2 आठवडे तबेल्यात विश्रांती आणि हाताने धरून फिरवणे एवढेच. त्वचेचे टाके 10 ते 14 दिवसांनी काढावेत. या काळात पोटातील द्रव तपासल्यास पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, कारण कार्बन डायऑक्साइडनेही पेरिटोनियमला सौम्य दाह होतो. ताप, सुस्ती किंवा भूक मंदावणे सोबत नसेल, तर एकट्या त्या आकड्यावरून संसर्गाचे निदान करू नये.