सल्फाइडचे (धातू आणि गंधक मिळून झालेल्या खनिजांचे) दगड ओळखायचे कसे आणि कोकणच्या पावसाळ्यात टिकवायचे कसे

बाहेरून कोणी पिवळा चमकणारा दगड आणला की आमच्या रत्नागिरीत आधी सोन्याचीच चर्चा होते, म्हणून पहिलं काम कस लावायचं. बाथरूमच्या उरलेल्या टाइलची मागची खरबरीत, पांढरी बाजू घ्या आणि दगड जोरात ओढा. सोन्याची रेघ पिवळीच येते, पायराइटची (लोखंड आणि गंधकाचं खनिज) हिरवट काळी. चॅल्कोपायराइटचीही (यात तांबंही असतं) तशीच काळपट येते, मग सुरी घ्या, चॅल्कोपायराइटवर चरा पडतो, पायराइटवर पडत नाही उलट तोच काचेवर ओरखडा काढतो. गॅलेना हातात घेतला की कळतोच, शिशाचा ना तो, आकाराच्या मानाने भलताच जड आणि फुटला की चौकोनी तुकडे पडतात (नंतर हात साबणाने धुवा). स्फॅलेराइट म्हणजे जस्ताचा, तपकिरी, रेघ फिकट पिवळसर.

आता हे सगळे एकत्र का सापडतात ते समजलं की ओळखणं निम्मं सोपं होतं. समुद्राचं पाणी तळाच्या भेगांतून खाली तापलेल्या ज्वालामुखी खडकात मुरतं, ३५० अंशांच्या आसपास तापतं, खडकातलं तांबं, जस्त, लोखंड विरघळवून घेतं आणि वर येऊन थंड पाण्यात घुसलं की काळ्या धुरासारखं सल्फाइड बाहेर पडतं. १९७९ मध्ये ॲल्विन पाणबुडीतून मेक्सिकोजवळ असा काळा धूर सोडणारे, सल्फाइड साचून उभे राहिलेले धुराडे प्रत्यक्ष दिसले. मधला भाग सगळ्यात गरम, तिथे चॅल्कोपायराइट, कडेला गारव्यात स्फॅलेराइट आणि गॅलेना, वरती बऱ्याचदा बराइट (बेरियमचं खनिज). म्हणजे तुकड्यात तांबं जास्त दिसलं तर तो बहुतेक धुराड्याच्या मधल्या किंवा खालच्या अंगाचा.

आपल्या काळवत्रीत, म्हणजे इथल्या काळ्या बेसाल्ट खडकात, हे शोधू नका. दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर वाहिला, वर खोल समुद्र नव्हता, त्यामुळे असे धुराडे झाले नाहीत; इथे पोकळ्यांत झिओलाइट (फिकट रंगाचे स्फटिक) मिळतील. माझा तुकडा गुजरातच्या अंबाजीकडचा, तिथल्या जुन्या खडकात असं खनिज आहे.

आणि तो तुकडा मी पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवला, हीच चूक. जूनमध्ये ठेवला, गणपतीला उघडला तर पायराइटवर पांढरट पिवळी भुकटी, गंधकाचा आंबट वास, आणि खाली ठेवलेली चिठ्ठी करपल्यासारखी तपकिरी, बोट लावलं की चुरा. दमट हवेत पायराइट हवेतला ऑक्सिजन घेतो आणि गंधकाचं आम्ल तयार होतं, ते कागद खातं. म्हणून दगड पाण्याने धुवू नका, कोरड्या ब्रशने झटका, घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आर्द्रता ५०% च्या खाली राहिली पाहिजे. चिठ्ठी डब्याच्या बाहेर चिकटवा. भुकटी आलेला तुकडा बाकीच्यांपासून लगेच वेगळा काढा, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पुड्या बदला.