स्मॅश मारता येतो, शिकवता येतो का?

राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धा खेळून झाल्यात, गुडघा कुरकुरायला लागलाय आणि ‘आता पोरांना शिकव की’ असं जो तो सांगतोय, अशा व्हॉलीबॉलपटूंसाठी हे लिहितो आहे. मी स्मॅशर होतो, आता सांगली भागात शाळेच्या मैदानावर मुलं-मुली तयार करतो. खेळ तुम्हाला येतोच, त्यामुळे नियम आणि रोटेशन सांगत बसत नाही.

आधी पैशाचं. रेल्वेत, पोलिसात किंवा ५ टक्के खेळाडू आरक्षणातून नोकरी लागली असेल तर ती सोडून प्रशिक्षक व्हायला निघू नका. शाळा-क्लबच्या मानधनावर घर चालत नाही, आणि ते वेळेवर हातात पडेलच असंही नाही. नोकरी नसेल तर बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करून शाळेच्या वाटेनं जा. प्रशिक्षक म्हणूनच उभं राहायचं असेल तर पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) प्रशिक्षक-डिप्लोमा करा. तिथला सहा आठवड्यांचा कोर्सही चांगला आहे, पण तेवढ्यावर नावापुढे ‘कोच’ लावणारे मला पटत नाहीत. मोबाइलवर बघून रोज नवा ड्रिल घेणारे तर त्याहून नाहीत.

आता ज्या खड्ड्यात माझी सुरुवातीची वर्षं गेली त्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण खेळाडूतून प्रशिक्षक झालेला जवळजवळ प्रत्येक जण त्यातून जातो. स्मॅश कसा मारायचा हे आपल्या अंगाला ठाऊक असतं, तोंडाला नसतं. मुलगा विचारतो, ‘सर, उडी कधी घ्यायची?’ आपण म्हणतो, ‘हे बघ,’ आणि एक सणसणीत बॉल मारून दाखवतो. पोरं टाळ्या वाजवतात, आपण खूश. मग दुसरा, तिसरा. संध्याकाळ संपते आणि मुलांचा हात बॉलला नीट लागलेलाच नसतो.

माझ्याकडे सातवीतली एक डावखुरी मुलगी होती. उंच, उडी सुंदर, पण नेटजवळ आली की पाय अडखळायचे. मी उजव्या हातानं दाखवत होतो: डावा, उजवा, डावा आणि उडी. ती इमानदारीनं तेच करत होती. डावखुऱ्याला उजवा, डावा, उजवा असं यावं लागतं, नाहीतर मारणारा खांदा मागे जायला जागाच राहत नाही. पावलं उलटी करून दिली आणि आठवडाभरात तिचा बॉल कोर्टात पडायला लागला. त्यात आणखी एक गोष्ट: आपण मुलांकडे तोंड करून दाखवलं की लहान मुलं आरशासारखी नक्कल करतात आणि उजव्या हाताची मुलंसुद्धा उलटी पावलं शिकतात. पाठ करून उभे राहा आणि सावकाश चालून दाखवा.

स्मॅश मागून पुढे शिकवा. आधी जागेवर उभं राहून हात, भिंतीवर बॉल. मग शेवटची दोनच पावलं आणि उडी, बॉलशिवाय. मग तिन्ही पावलं. मग कुणीतरी हातात वर धरलेला बॉल. लिफ्टवरचा, म्हणजे साथीदारानं वर उचलून दिलेल्या बॉलवरचा स्मॅश सगळ्यात शेवटी, कारण तिथे बॉलचा अंदाजही घ्यावा लागतो आणि मूल शिकलेलं सगळं विसरतं. नेट खाली घ्या. मुलींचं २.२४ आणि मुलांचं २.४३ मीटर हे मोठ्यांसाठी आहे. बारा वर्षांच्या पोराला त्या नेटवर मारायला लावलं तर तो फक्त बॉल ढकलायला शिकतो. आणि वीस मुलं एका रांगेत, एक बॉल, असलं काही करू नका.

हे वाचून धीर सोडू नका. शिकवणं हे वेगळं काम आहे आणि ते शिकता येतं. व्हॉलीबॉलचे जी. ई. श्रीधरन यांना खेळाडू म्हणून अर्जुन पुरस्कार १९८२ चा, प्रशिक्षक म्हणून द्रोणाचार्य २००७ चा. मधली २५ वर्षं बघा. तुमचं पहिलं वर्ष फसलं तर काही बिघडत नाही.

गुरू मात्र नीट निवडा. नावाजलेल्या, साइडलाइनवरून ओरडणाऱ्या प्रशिक्षकाच्या मागे फिरण्यापेक्षा तालुक्यातल्या एखाद्या जुन्या क्रीडाशिक्षकाचा सराव जाऊन बघा, जो साध्या मुलांचा संघ दरवर्षी विभागापर्यंत नेतो. तो मुलांना किती वेळा थांबवतो, थांबवल्यावर किती शब्द बोलतो, हे वहीत लिहा. एका वेळी एकच सूचना देणारा माणूस दिसला की त्याला सोडू नका.

आणि मुलांच्या उड्या मोजा. आपल्या वेळी ‘अजून पन्नास मार’ म्हणायचे. त्यातून झालेलं गुडघ्याचं दुखणं मी आजही जिना उतरताना भोगतो. चौदा वर्षांखालच्यांना स्पर्धेच्या आदल्या दिवशी उड्या बंद, फक्त सर्व्हिस आणि अंडरहँड. पालक कुरकुर करतील, मुख्याध्यापक पदक मागतील, तरी बंद.

जमलं तर जिल्हा संघटनेची पंचपरीक्षाही द्या. पंचाच्या खुर्चीवरून नेटवरचे हात आणि पाय जसे दिसतात तसे बाकावरून दिसत नाहीत, आणि शालेय स्पर्धांच्या दिवसांत थोडं मानधनही मिळतं.